'व्यायाम कर, मूड सुधारेल' हे प्रत्येकाला सांगू नका

ज्याला ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याशी जोडलेला मानसिक आजार आहे, त्याला 'जरा चालायला जात जा, फ्रेश वाटेल' असं सांगू नका, कळकळीची विनंती आहे. बाकीच्यांसाठी ते खरं आहे, सौम्य डिप्रेशनमध्ये व्यायामाने फरक पडतो हे डॉक्टरही सांगतात, पण अॅनोरेक्सिया (वजन वाढायच्या भीतीने उपाशी राहणं) किंवा बुलिमियामध्ये (भरमसाट खाऊन मग उलट्या वगैरे करणं) व्यायाम आणि मूड यांचा असा काही गुंता झालेला असतो की हा सल्ला उलटाच पडतो.

मला कॉलेजात असताना अॅनोरेक्सिया होता. पहाटे तळजाईच्या टेकडीवर चालून आले की तासभर एकदम मोकळं वाटायचं, आणि घरचे म्हणायचे बघा पोरगी किती शिस्तीची. पण तो आनंद नव्हता हो, ती भीती थोडा वेळ गप्प बसायची एवढंच. पाऊस लागून जाता आलं नाही की दिवसभर चिडचिड, आईशी धड बोलणं नाही, अभ्यासात लक्ष नाही आणि ताटात वाढलेलं बघूनच छाती धडधडायची कारण आज चाललो नाही म्हणजे आज जेवायचा हक्क नाही असं डोक्यात पक्कं बसलेलं. मग रात्री सगळे झोपले की खोलीचं दार लावून अंधारात जागच्या जागी चालायचं, अनवाणी, खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून टाचा न टेकवता, आणि घड्याळावरचा आकडा पूर्ण होईपर्यंत थांबायचं नाही. अभ्याससुद्धा उभ्यानेच. बसलं की अपराधी वाटायचं.

याला लोक डेडिकेशन म्हणतात याचा मला अजूनही फार त्रास होतो.

उपाशी शरीर काय करतं हे खूप आधी दिसलेलं आहे. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या संशोधकाने 36 निरोगी तरुणांना, सगळे स्वतःहून आलेले, जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं आणि आठवड्याला 22 मैल म्हणजे साधारण 35 किलोमीटर चालायचंही होतं. चालून त्यांचा मूड सुधारला का? नाही. ती चांगली धडधाकट मुलं उदास झाली, चिडकी झाली, माणसांपासून तुटली, दिवसभर डोक्यात फक्त जेवण. पोट रिकामं असताना चालण्याने मन वर येत नाही, हे मला तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

आणि उंदरांवरचा एक प्रयोग आहे 1967 चा. दिवसातून एकदाच थोडा वेळ खायला दिलं आणि पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं तर उंदीर दिवसेंदिवस जास्त पळतात आणि खाणं कमी करतात, पार जीव जायची वेळ येते, चाक नसलेले मात्र तेवढ्याच वेळात खाऊन तगतात. माणूस म्हणजे उंदीर नाही मान्य, पण ही ओढ नुसती हट्टीपणाची नसते, उपासमारीतच ती वाढते, हे कळल्यावर मला स्वतःचा राग यायचा थांबला.

शरीराचं तर वेगळंच. नाडी मंद लागली की 'खेळाडूचं हार्ट' म्हणून कौतुक होतं, ती उपासमारीनेही मंदावते. पाळी बंद होते, हाडं ठिसूळ होतात, पायाच्या हाडाला बारीक चीर जाते आणि त्या पायावरही माणूस पळतो. उलट्या करणाऱ्यांचं पोटॅशियम घसरलेलं असतं, त्यात जोरात व्यायाम म्हणजे हृदयाच्या ठोक्यांशी खेळ. म्हणून ट्रीटमेंटच्या सुरुवातीला बऱ्याचदा डॉक्टर व्यायाम थांबवतात, ईसीजी आणि रक्त तपासतात.

तो थांबवल्यावर मूड आधी आणखी खाली जातो, हे घरच्यांना कुणीतरी आधीच सांगायला हवं, नाहीतर ते घाबरून म्हणतात जाऊ दे बाई, जा चालायला. मी रडायचे, भांडायचे, थेरपिस्ट म्हणायची ही ओढ येऊ दे, बसून राहा, ती ओसरते. ओसरायची. मग खाणं बऱ्यापैकी रुळावर आल्यावर हळूहळू स्ट्रेचिंग, फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली, आधी खाऊन, घड्याळ काढून. असा व्यायाम मनाला खरंच बरा असतो, मी व्यायामाच्या विरोधात अजिबात नाही.

फक्त घरात कुणाबद्दल शंका असेल तर किती व्यायाम करतो हे मोजत बसू नका, ज्या दिवशी होत नाही त्या दिवशी काय होतं ते बघा. तापात जातो का, मुरगळलेल्या पायाने जातो का, बहिणीच्या हळदीला न येता जिमला जातो का, व्यायाम चुकला की जेवण टाळतो का. हो, मुलांमध्येही बघा, जिममधल्या पोरांचं 'कटिंग' (चरबी उतरवायला खाणं कमी करणं) चालू आहे म्हणून सगळे दुर्लक्ष करतात. आणि विचारताना 'बंद कर हे' म्हणू नका, 'आज नाही गेलास तर काय वाटेल रे?' एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. कुणाशी बोलावं कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलतात. चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल तर मात्र फोनवर थांबू नका, सरळ दवाखान्यात घेऊन जा.