कळव्याहून स्टुटगार्टला: नर्स म्हणून पहिलं वर्ष

पहिल्या वर्षानंतरची रजा मी सध्या कळव्यात आईबाबांकडे काढते आहे. ठाण्यात ज्या क्लासमध्ये मी जर्मन शिकले, तिथल्या मुली संध्याकाळी घरी येतात. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी (स्टुटगार्ट त्यातच येतं) कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्सिंगच्या मुलींमध्ये तिकडची चर्चा फार वाढली आहे. त्या पगार विचारतात, थंडी विचारतात. मी त्यांना रोजचा दिवस कसा जातो ते सांगते, कारण सगळं अवघडपण तिथेच असतं आणि त्याबद्दल मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

सुरुवात पत्त्यापासून होते. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. पुढची बहुतेक कामं त्या नोंदणीवर अडलेली असतात. कर-क्रमांक, आरोग्य विम्याचं कार्ड, बँकेची पत्रं, सगळं पोस्टाने येतं. पत्रपेटीवर आपलं आडनाव नसेल तर पत्र परत जातं. म्हणून मी मुलींना सांगते, बॅगा नंतर उघडा, आधी पेटीवर आणि बेलवर नाव लावा. रेडिओ-टीव्हीचं शुल्कही असंच पत्राने येतं. घरात टीव्ही असो वा नसो, महिन्याला १८.३६ युरो. ते माणशी नसून घरामागे असतं, त्यामुळे दोघीतिघी एकत्र राहत असाल तर एकीनेच भरायचं.

वॉर्डवरचा बदल याहून मोठा होता. माझं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेलं, ठाण्यात काही वर्षं काम केलेलं. तिथे मात्र आधी आपल्या शिक्षणाची समकक्षता तपासतात, काय कमी पडतं ते लेखी कळवतात, आणि मग कोर्स किंवा परीक्षा यांतलं एक निवडायचं असतं. मी कोर्स घेतला. तो पुरा होईपर्यंत हुद्दा आणि पगार मदतनिसाचाच. आयव्ही, म्हणजे शिरेत सलाईनची सुई, लावण्यात माझा हात चांगला बसलेला, पण तिथे ते काम बहुतेक डॉक्टर करतात. उलट पेशंटला अंघोळ घालणं, तोंड धुणं, भरवणं, जे आपल्याकडे मावशी किंवा नातेवाईक करतात, ते तिथे नर्सचंच काम. आमच्या बॅचमधल्या काही मुलींना हे फार लागलं. फोनवर रडायच्या, ‘याच्यासाठी शिकलो का,’ म्हणायच्या.

मला ते काम कमीपणाचं वाटत नाही, हे मी मनापासून सांगते. रोज सकाळी अंग पुसताना पाठ, टाचा, माकडहाड आपल्या डोळ्यांखालून जातं. बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, व्हायच्या आधीची लाली तेव्हाच दिसते. पेशंटला धाप लागते का, काल उचलत होता तो हात आज उचलतो का, हे त्या वेळात जेवढं कळतं तेवढं चार्टवरून कळत नाही. ठाण्यात एकेका नर्सकडे इतके पेशंट असायचे की मला हे करायला मिळतच नव्हतं.

भाषा हा खरा डोंगर. परीक्षा पास होऊन गेले तरी ऐंशी वर्षांचे आजोबा तिकडच्या श्वाबी बोलीत बोलायला लागले की पहिले काही महिने मला निम्मं कळायचं. त्याहून कठीण फोन. समोर चेहरा नाही, लॅबवाला भराभर आकडे सांगतोय, आणि ते आकडे जर्मनमध्ये उलटे, आधी एकक मग दशक. आपल्यालाही एकवीस-बावीसची सवय आहे, त्यामुळे इंग्रजीतून विचार केला नाही तर ते सोपं जातं. मी आकडे मराठीत ऐकायला लागले आणि माझी भीती गेली. तरी प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवायचा, हा नियम मी अजून मोडलेला नाही.

घराचं म्हणाल तर तिथे मला रुजवलं ते जिन्याने. स्टुटगार्टकडे केअरवोखे नावाची पद्धत आहे. ज्या घराची पाळी असेल त्याच्या दाराला पाटी अडकवतात आणि त्या आठवड्यात जिना, तळघराची पायरी, दारासमोरचा रस्ता त्या घराने झाडायचा. आमच्या इमारतीत बर्फ पडला तर तोही त्याच घराने काढायचा. आमच्या सोसायटीत कळव्याला जिना झाडायला माणूस येतो. तिथे पहिली पाटी दाराला लागली तेव्हा मी नाइट करून आले होते. झोप काढून उठले, बादली घेऊन वरपासून खालपर्यंत पुसत आले. तळमजल्यावरच्या आजी दार उघडून बघत उभ्या राहिल्या. त्यांनी कोपरा कसा काढायचा ते दाखवलं, नाव विचारलं, गाव विचारलं. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून मैत्रीच्या नात्याने जोडलेली जुळी शहरं आहेत, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्याआधी मी जिन्यात सगळ्यांना नमस्कार करत होतेच, पण त्या आठवड्यापासून लोक थांबून बोलायला लागले. मराठी मंडळी भेटली, गणपतीला आरत्या म्हटल्या, त्याने धीर नक्कीच आला. पण मी तिथली आहे असं वाटायला लागलं ते त्या पाटीमुळे, कारण माझ्यावर कुणीतरी विसंबून होतं.

जेवणाचं जमून जातं. कणीक, तूरडाळ, पोहे भारतीय दुकानात; कोथिंबीर, भेंडी, वांगी तुर्की दुकानात. पाडव्याला क्वार्क, म्हणजे तिकडचं दह्यासारखं मऊ चीज, फडक्यात बांधून श्रीखंड केलं, चक्क्याइतकं छान झालं. रविवारी दुकानं बंद, हे शनिवारीच लक्षात ठेवायचं. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, तेव्हा सुट्टीच्या दिवशी दुपारी बाहेर पडायचंच. मला त्याने फार फरक पडला. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे, त्यामुळे दुपारी दोनला ड्यूटी सुटली की ठाण्यात साडेसहा, दिवेलागणीची वेळ. आई देवापाशी दिवा लावून माझ्या फोनची वाट बघायची.

मुलींना शेवटी मी कागदांकडेच आणते. एजंट परदेशी नोकऱ्यांसाठीच्या भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते बघा. उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क त्याला घेता येत नाही. भाषेचा आणि समकक्षतेचा खर्च कोण करणार, सुरुवातीला राहायची सोय किती महिने, नोकरी लवकर सोडली तर किती पैसे परत मागणार, हे करारात लिहिलेलं हवं. काल एकीने तिचा करार आणला होता. आम्ही दोघींनी बसून ओळ न् ओळ वाचला. परतफेडीच्या कलमात रक्कमच नव्हती. तिथे खूण केली, आणि ती रक्कम लेखी आल्याशिवाय सही करणार नाही अशी ईमेल तिने माझ्यासमोरच पाठवली.