दोन फ्रेम्सच्या मधे राहिलेलं गोल्ड

८ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिक. सकाळीच फोटो डेस्कवरून फोन. "दादा, दोन वाजता हॉकीची ब्राँझ मॅच, रात्री नीरजची फायनल, आणि तू ल बुर्जेला स्पीड क्लाइंबिंगला कशाला चाललायस? तिथे आपलं कोण आहे?" कोणीच नव्हतं, खरं होतं त्याचं. मी म्हटलं एकपर्यंत सगळं आटपतं रे, तिथून थेट हॉकीला पोचतो. तो म्हणाला सेमी झाल्या की निघ, फायनलला थांबू नकोस. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

पण थांबायचं होतंच, कारण दोन दिवस आधी मी तिथल्याच भिंतीसमोर बसलो होतो. स्पीड क्लाइंबिंग म्हणजे उंच भिंत सगळ्यात आधी चढून जायची शर्यत. अमेरिकेचा सॅम वॉटसन, १८ वर्षांचा पोरगा, ४.७५ सेकंदांत वर! वर्ल्ड रेकॉर्ड. आधीचं ४.७९, तेही त्याचंच, त्याच वर्षी एप्रिलमधलं. आणि माझ्याकडे त्याचा एक धड फोटो नव्हता. सगळ्या फ्रेम्समधे पाठ, नुसती पाठ.

स्पीड क्लाइंबिंग शूट करायची हीच तर अडचण आहे. माणूस पूर्ण वेळ भिंतीकडे तोंड करून असतो. भिंत १५ मीटर उंच, ५ अंश आपल्या बाजूला झुकलेली, शेजारीशेजारी दोन लेन आणि दोन्हीवर तोच रूट. हा रूट जगात कुठेही गेलात तरी सेमच, हाताचे २० होल्ड म्हणजे धरायच्या खुंट्या, पायाचे ११, फ्रान्सच्या जाकी गोदॉफनं आखलेला. म्हणजे वर जाऊन शोधायचं काहीच नसतं, वर्षानुवर्षं हजारो वेळा तोच रूट करून एकेक हालचाल अंगात मुरलेली असते. जपानच्या तोमोआ नारासाकीनं खालचा एक होल्ड चक्क गाळून सरळ वर जायची पद्धत काढली, तर आता बहुतेक सगळे तसंच जातात. टोकियोत २०२१ मधे फ्रान्सच्या बासा मावेमनं ५.४५ काढला होता तेव्हा ते ऑलिम्पिक रेकॉर्ड होतं, आणि पॅरिसमधे ५.४५ घेऊन मेडलच्या आसपास फिरकता येत नव्हतं. तीन वर्षांत एवढा फरक!

त्यामुळे त्या दिवशी मी ठरवूनच बसलो की चढताना शूट करायचं ते रेकॉर्डपुरतं, खरा फोटो वरचा. माथ्यावर टायमिंगचा पॅड असतो, तो हातानं मारला की घड्याळ थांबतं, मग माणूस ऑटो बिलेच्या, म्हणजे आपोआप तोलून धरणाऱ्या यंत्राच्या, दोरीवर लटकतो आणि मान वळवतो. कारण जिंकलो की हरलो हे त्यालाही माहीत नसतं! शेजारचा पुढे होता की मागे हे भिंतीला नाक लावून पळणाऱ्याला काय दिसणार. पॅड मारल्यापासून स्क्रीन दिसेपर्यंतचं ते अर्धं-पाऊण सेकंद, तेवढ्यातच चेहरा मिळतो.

सेमीमधे वॉटसन चीनच्या वू पेंगकडून हरला. इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्डोनं इराणच्या रेझा अलीपूरला काढलं. डेस्कचा मेसेज आला, निघालास का. मी बॅगेला हातही लावला नाही, मला त्या पोराचा चेहरा हवा होता.

आधी ब्राँझची रेस. वॉटसन आणि रेझा. स्टार्टच्या वेळी स्टेडियम असं चिडीचूप होतं की बीप पोटात ऐकू येतात, आणि ०.१ सेकंदाच्या आत पाय सुटला तर फॉल्स स्टार्ट, खेळ खल्लास, म्हणून सगळे श्वास धरून. गेले. मी वर फोकस लावून बसलेलो, वॉटसननं पॅड मारला, स्क्रीनवर ४.७४. नवं वर्ल्ड रेकॉर्ड, गोल्डची संधी गेल्यावर काही मिनिटांतच! जगात त्या क्षणापर्यंत कुणीही एवढ्या वेगानं ती भिंत चढलेलं नव्हतं आणि त्याच्या गळ्यात पडणार होतं ब्राँझ. मला हे आजही पचत नाही. नॉकआउट आहे, नियम बरोबरच आहे, समोरच्याला त्या एका रेसमधे हरवायचं असतं, सगळं मान्य. तरी पचत नाही.

मग फायनल. वेद्रिक आणि वू पेंग. मी बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंचा मारा, दाबून धरला आणि खरं सांगतो, डोळ्यांना दोघं एकदमच पोचलेले दिसले. पब्लिकलाही कळेना, ओरडायचं कुणासाठी. मग आकडे आले, वेद्रिक ४.७५, वू ४.७७. वेद्रिकनं मान वळवली आणि मला तो चेहरा मिळाला. इंडोनेशियाचं बॅडमिंटन सोडून दुसऱ्या खेळातलं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड, आणि मी बरोबर समोर बसलेलो.

फोटो पाठवले, पळालो. हॉकीचा पहिला क्वार्टर हुकला, नशीब त्यात गोल झाला नव्हता. पुढे हरमनप्रीतचे दोन्ही गोल मिळाले, श्रीजेशची शेवटची मॅच मिळाली, डेस्क खूश. उशिराबद्दल बोलणी खाल्ली, खायलाच हवी होती.

पण मधे बसमधे मी कॅमेऱ्यावर फायनलचा बर्स्ट परत बघत होतो. सेकंदाला २० फ्रेम्स, म्हणजे ४.७५ सेकंदांच्या साधारण ९५. शेवटच्या दोन फ्रेम्स पाचपन्नास वेळा पुढेमागे केल्या. एका फ्रेममधे दोघांचेही हात पॅडपासून जरासे लांब. पुढच्या फ्रेममधे दोघांचेही हात पॅडवर. दोन फ्रेम्समधलं अंतर ०.०५ सेकंद आणि त्यांच्यातला फरक ०.०२. कोण जिंकलं ते माझ्या कॅमेऱ्यात नाहीच. त्या दोन फ्रेम्स मी कुठेच पाठवल्या नाहीत, डेस्कला त्याचा काय उपयोग, पण कार्ड फॉरमॅट करायच्या आधी त्या वेगळ्या काढून ठेवल्या.