मागच्या चाकातले तीन आवाज आणि त्यांचा छडा

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. कामाला उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये, लेथवर. जाणं-येणं सायकलनं. सायकल काळी, दांड्याची, फ्रेम बावीस इंची. मागं कॅरियर, मोठा स्टँड, लोखंडी मडगार्ड आणि चेनवर अर्धं कव्हर. यंदाच्या पावसाळ्यात येळ्ळूर-वडगाव रस्त्यावरच्या खड्ड्यांतून आणि शिवारातून रस्त्यावर आलेल्या पाण्यातून ती रोज गेली. पाऊस ओसरला, भातकापणीचे दिवस आले आणि मागच्या चाकातून आवाज यायला लागले. सपाटीला एक बारीक घरघर, मधेच ठेक्यात कट्‌-कट्‌ आणि चढाला लागलं की खट्‌.

पहिल्यांदा रस्त्यावरच्या एका दुकानात दाखवली. त्यांनी स्टँडवर लावून चाक हातानं फिरवलं आणि सांगितलं, फ्रीव्हील (मागचं दातेरी चक्र) गेलंय, हबसकट (चाकाच्या मधल्या गड्ड्यासकट) बदलून टाका. पण हवेत चाक फिरत होतं तेव्हा कट्‌ही होत नव्हतं आणि खट्‌ही. जो आवाज कानावर पडलाच नाही त्याचं औषध सांगतात, याचा मला मनापासून राग आला. लेथवर असा आवाज आला तर आम्ही आधी फीड बंद करून बघतो, मग स्पीड बदलून बघतो, मग चकमधला जॉब काढून बघतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आवाज राहतो की जातो एवढंच बघायचं. सायकललाही हेच लागू पडायला काय हरकत आहे, म्हणून ती घरी आणली आणि रविवारी अंगणात काम काढलं.

सगळ्यात आधी चाकाबाहेरच्या वस्तू. मडगार्डच्या तारांचे स्क्रू, कॅरियरचे नट, स्टँडची स्प्रिंग, चेनकव्हरच्या पट्ट्या, मागचं गोल कुलूप. यातलं काहीही ढिलं असलं तरी आवाज चाकातूनच आल्यासारखा वाटतो, कारण हे सगळं मागच्या चाकाभोवतीच बसवलेलं असतं. चेनकव्हर आणि कुलूप सरळ काढून ठेवलं, बाकीचं आवळलं. खडखड कमी झाली, मूळचे तिन्ही आवाज मात्र तसेच. टायरच्या खाचांतले खडे काढले, व्हॉल्व्हची रिंग घट्ट केली. फरक नाही.

मग रस्त्यावर नेली. पहिली तपासणी अगदी सोपी आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची: वेगात असताना पेडल मारणं थांबवायचं. पेडल थांबल्यावर आवाज थांबला, तर तो पेडल, क्रँक (पेडलचा दांडा), बीबी (क्रँकच्या आसाचं बेअरिंग) किंवा चेन यांतला. चालूच राहिला, तर चाकातला. घरघर आणि कट्‌-कट्‌ चालूच राहिले. चढावरचा खट्‌ थांबला. म्हणजे तीन आवाज दोन वेगळ्या घरचे निघाले.

दुसरी तपासणी मोजण्याची. माझ्या सायकलला पुढं 44 दात आणि मागं 18. पेडलची एक पूर्ण फेरी झाली की मागचं चाक जवळजवळ अडीच फेऱ्या मारतं. त्यामुळं आवाजाचा ठेका पेडलशी जुळतो की चाकाशी, हे पायाला कळतं. कट्‌ पेडलच्या एका फेरीत दोनदा, कधी तीनदा येत होता, म्हणजे चाकाच्या फेरीला एकदा. अठ्ठावीस इंची चाक एका फेरीत साधारण सव्वादोन मीटर पुढं जातं. सायकल हळू ढकलत नेली तरी तेवढ्या अंतरानं तो मोजता यायला हवा. चेनची एखादी कडी आखडलेली असती, तर चेन पूर्ण फिरून यायला लागणाऱ्या वेळानं, म्हणजे दोन-अडीच पेडलफेऱ्यांनी एकदा झटका बसला असता. तसं नव्हतं.

पण रिकामी सायकल ढकलली तर कट्‌ गायब! बसलं की हजर. वजनाशिवाय तो येतच नव्हता, आणि दुकानात तो ऐकू न येण्याचं कारणही हेच. म्हणून थोरल्या मुलीला कॅरियरवर बसवलं. माझ्याबरोबर कामाला असलेला एक मित्र सुट्टीचा आला होता, मूळचा बैलहोंगलकडचा, मराठी बोलता बोलता कानडीत शिरणारा. त्यानं हँडल धरून सायकल पाऊल-पाऊल पुढं घ्यायची आणि मी खाली वाकून चाकाजवळ कान न्यायचा. कट्‌ झालं की टायरच्या जमिनीला टेकलेल्या जागी खडूची रेघ. चाकाची फेरी पूर्ण होऊन पुन्हा कट्‌ झालं की पुन्हा रेघ. सगळ्या रेघा वीतभर जागेत एकमेकींवर पडल्या. मुलीला कॅरियरवर बसून मजा वाटत होती, मला त्या रेघा बघून.

असं का होतं तेही सांगतो. सायकलवर माणूस बसला की भार चाकाच्या तळाशी येतो. तिथली रिम किंचित आत दबते आणि जमिनीलगतच्या स्पोकांचा ताण तेवढ्यापुरता कमी होतो. चाक पुढं सरकलं की परत येतो. सगळे स्पोक नीट ताणलेले असतील तर या कमी-जास्तीचा पत्ताही लागत नाही. एखादा मुळात ढिला असेल तर तळाशी आल्यावर तो पुरता सैल पडतो, हबच्या भोकात किंवा शेजारच्या स्पोकवर जिथं ओलांडतो तिथं सरकतो, आणि वाजतो. आपल्या या जुन्या ठेवणीच्या सायकलींना पुढं 32 आणि मागं 40 स्पोक असतात, कारण ओझं मागं. त्या 40 मधला एक खचला तरी शेजारच्यांवर ताण येतो आणि तेही हळूहळू थकतात.

रेघांच्या समोरचे स्पोक बोटानं छेडून पाहिले. चांगल्या स्पोकचा नाद खणखणीत येतो. तिथले दोन मात्र उतरलेल्या वीणेच्या तारेसारखे बद्द वाजले, आणि तिसरा तर बोटानं हलत होता. तो फ्रीव्हीलकडच्या बाजूचा. त्याचं टोक फ्रीव्हीलच्या मागं लपलेलं, त्यामुळं तुटलाय की नुसता ढिला आहे, हे वरून दिसेना.

घरघरीचा माग मित्रानं काढला. आमच्याकडं मशीनचं बेअरिंग ऐकायला लांब स्क्रू ड्रायव्हर वापरतात: टोक बेअरिंगच्या घरावर, मूठ कानाच्या हाडाला. सायकल उलटी केली, मी चाक फिरवलं आणि त्यानं आसाच्या दोन्ही नटांवर आळीपाळीनं टोक टेकवलं. टोक आसावरच टेकवायचं, फिरत्या चाकाजवळ न्यायचं नाही आणि मुलांना लांब ठेवायचं. डावीकडं एकसारखी सुई चालल्यासारखी. उजवीकडं आल्यावर त्याचा चेहराच बदलला. "अण्णा, सप्पळ बलगडे," म्हणजे आवाज उजवीकडं, म्हणाला, आणि मूठ माझ्या कानाला दिली. दळल्यासारखा कचकच आवाज, मधेच एक ठोका. फ्रीव्हीलची किर्रकिर्र त्यात मिसळू नये म्हणून चेन काढून चाक पुढच्या दिशेनं फिरवलं, म्हणजे फ्रीव्हील चाकाबरोबरच फिरतं. तरी कचकच तशीच. तेव्हा खराबी हबच्या उजव्या बेअरिंगमध्ये, फ्रीव्हीलमध्ये नाही, हे नक्की झालं.

फ्रीव्हीलबद्दल इथं एक सांगायला हवं. पेडल थांबवल्यावर येणारी किर्रकिर्र हा दोष नाही. आतले खटके स्प्रिंगवर दातांवरून घसरत जातात, त्याचा तो आवाज. उलट तो अडखळायला लागला, किंवा पेडलवर पाय दिल्यावर क्षणभर काहीच न पकडता पाय खाली गेला, तर घाबरावं. चिखल किंवा घट्ट झालेलं ग्रीस खटक्यांना उठू देत नाही. म्हणून फ्रीव्हीलमध्ये ग्रीस कोंबायचं नसतं. रॉकेलनं धुऊन पातळ मशीन ऑइल, बस.

सायकल वडगावला एका वयस्क मिस्त्रींकडं नेली. दुकान म्हणजे एक टपरी, पण चाकाचा आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढायचा स्टँड पक्का. मी काय काय तपासलं ते सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, रेघा बघितल्या आणि विचारलं, "काका म्हणतोयस तर सांग, घरघर पावसानंतर सुरू झाली की आधीपासनं हाय?" पावसानंतर, म्हटलं. "मग पाणी गेलंय. खोलूया की."

फ्रीव्हील काढणं हे जोराचं काम. पेडल मारताना ते दर वेळी आणखी घट्ट होत जातं, आणि वरून गंज. काकांनी रॉकेल सोडून चाक बाजूला ठेवलं, दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पंक्चर काढलं, मग ओपनर शिकंजात पकडून त्यावर चाक बसवलं आणि दोघांनी मिळून रिम धरून उलटी फिरवली. कर्‌र्‌ करून सुटलं. मागं तो स्पोक: मान वाकते तिथंच तुटलेला, डोकं हबच्या भोकात अडकून राहिलेलं. तुटलेलं तोंड मी उन्हात धरून बघितलं. दोन मिलिमीटरची तार, पण तिच्यातही गोष्ट स्पष्ट वाचता येत होती. तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग काळा-तांबूस, उरलेला चकचकीत. तडा जुना, महिनोन्‌महिने थोडा थोडा आत सरकलेला. शेवटचा तुकडा अलीकडंच तुटलेला. खड्ड्यातल्या एका दणक्यानं हे होत नाही. स्पोक ढिला राहिला, दर फेरीला मान वाकत राहिली, आणि लोखंड थकलं.

हब उघडला तेव्हा उजवीकडून ग्रीसऐवजी तपकिरी चिखल निघाला. छर्रे एका बाजूला नऊ, पाव इंची. सगळे काळवंडलेले, दोन चेपलेले. कोनावर, म्हणजे आसावरच्या ज्या निमुळत्या तुकड्याभोवती छर्रे फिरतात त्यावर, एकाच जागी खड्डे पडले होते, बाकीचा गुळगुळीत. त्याचं कारण मला फार आवडलं: कोन आसाबरोबर स्थिर असतो, फिरत नाही, म्हणून ओझं कायम त्याच्या एकाच बाजूवर येतं. कप, म्हणजे हबमधली छर्ऱ्यांची वाटी, चाकाबरोबर फिरतो, त्यामुळं त्याची झीज सगळीकडं वाटली जाते. कप चांगला होता. हब बदलायची गरजच नव्हती. कोन आणि छर्रे नवे, रॉकेलनं धुऊन नवं ग्रीस, एवढ्यात काम झालं.

कोन किती आवळायचा हे काका डोळ्यांनी ठरवतात. चाक सायकलला बसवून, नट पूर्ण आवळून, व्हॉल्व्ह बाजूला आडवा धरून सोडून दिला. चाक आपसूक हळूहळू फिरलं, व्हॉल्व्ह खाली आला, थोडा पुढं-मागं झुलला आणि थांबला. तेवढ्याशा वजनानं चाक फिरत नसेल तर कोन फार आवळलाय. आणि रिम धरून डावीकडं-उजवीकडं हलवली तर ठकठक लागता कामा नये. दोन्ही एकदम साधेपर्यंत त्यांनी पाना खाली ठेवला नाही. नवा स्पोक, शेजारचे दोन्ही ताणले, आउट काढला.

घरघर आणि कट्‌ गेले. चढावरचा खट्‌ उरला, तो पेडल थांबवल्यावर थांबणारा. त्यासाठी राजहंसगडाचा चढ धरला, कारण सपाटीला तेवढा जोर लागत नाही. बसून मारलं, खट्‌. उभं राहून मारलं, तरी खट्‌. म्हणजे सीटचा संबंध नाही. पेडलच्या फेरीला दोनदा, आणि दर वेळी डाव्या पायाखाली तळव्याला बारीक धक्का. आवाज मात्र पाठीमागून, अगदी मागच्या आसातून आल्यासारखा! लोखंडी फ्रेम आवाज कुठून कुठं नेते याचा भरवसा नाही. खाली उतरून उजवा क्रँक गच्च धरला आणि डावा हलवला. हलला. क्रँक आसाला पक्का धरणारी कॉटर पिन झिजलेली.

कॉटर बसवतानाही काकांची पद्धत बघण्यासारखी. नवी पिन कानशीनं घासून नेमकी बसती केली. मग क्रँकखाली जाड लोखंडी नळीचा टेकू दिला आणि पिनवर हातोडी मारली. टेकू नसला तर तो दणका बीबीच्या छर्ऱ्यांवर जातो आणि तिथं नवा आवाज तयार होतो. पिन आधी हातोडीनं बसवायची, नट नंतर. नटानं ओढून पिन बसवायला गेलं की आटे जातात. नुसता नट आवळून देणाऱ्यांचे कॉटर पुन्हा पुन्हा ढिले का होतात, हे मला तिथं कळलं.

जाताना काकांनी बजावलं होतं, "नवीन स्पोक जरा बसतोय, आठवडाभरानं एकदा दाखवून जा." कामावरून येताना दाखवून आलो. त्यांनी चाक फिरवलं, खडूचा तुकडा रिमला टेकवला, नव्या स्पोकचं निप्पल पाव फेरी आवळलं आणि पैसे घेतले नाहीत. जुना कोन आणि तुटलेला स्पोक मी मागून घेतलाय, शॉपमध्ये नव्यानं शिकायला आलेल्या पोरांना दाखवायला.