साकुरा नव्हे, यामाझाकुरा

ओसाकात आल्यावर पहिली तीन वर्षं मला साकुराचं, म्हणजे जपानी चेरीचं, एकच झाड ठाऊक होतं. नदीकाठी, शाळांच्या आवारात, जिकडेतिकडे तेच: पान एकही नाही आणि फांद्या फुलांनी गच्च. आपला पळस किंवा पांगारा फुलतो तसं. यंदा शेजारच्या आजी म्हणाल्या, "योशिनोला जा, यामाझाकुरा बघून ये."

यामा म्हणजे डोंगर. जोडशब्दात साकुरा मागे गेलं की त्याचा 'स' मऊ होऊन 'झ' होतो, झाडातला झ. वाक् आणि ईश मिळून वागीश होतं ना, साधारण तसंच.

आबेनोबाशीहून ट्रेनने नारा प्रांतातल्या योशिनोला पोचले. डोंगरावर सुमारे ३०,००० झाडं आहेत आणि बहर पायथ्यापासून वर चढत जातो. इथल्या झाओ गोंगेन या देवाची पहिली मूर्ती साकुराच्या लाकडात कोरली अशी आख्यायिका आहे, म्हणून भाविक शतकानुशतकं इथे रोपं वाहत आले.

पण मी खिळले ती पालवीपाशी. यामाझाकुराची पानं फुलांसोबतच फुटतात, कोवळी, तांबूस. सह्याद्रीतला चैत्रातला कुसुंबच आठवला. झाडं बियांपासून वाढलेली, त्यामुळे प्रत्येकाची छटा निराळी, फुलण्याची वेळही निराळी. शहरातलं सोमेइ योशिनो मात्र कलमांनी वाढवलेलं, म्हणून सगळी एकाच आठवड्यात फुलतात. एदोजवळच्या (म्हणजे जुन्या टोकियोजवळच्या) सोमेइ गावातले माळी ते 'योशिनो' म्हणूनच विकायचे. नाव या डोंगराचं, झाड दुसरंच! घोटाळा नको म्हणून १९०० साली त्याला सोमेइ योशिनो हे नाव मिळालं.

यामाझाकुरा या शब्दाने फार सोसलंय. अठराव्या शतकातले विद्वान मोतोओरी नोरिनागा यांनी एका कवितेत लिहिलं, की जपानी मन कसं असतं असं कुणी विचारलं तर ते सकाळच्या उन्हात उजळणाऱ्या यामाझाकुरासारखं. आपल्या थडग्यापाशी हेच झाड लावायला त्यांनी सांगून ठेवलं होतं. ऑक्टोबर १९४४ मध्ये आत्मघाती वैमानिकांच्या पहिल्या तुकड्यांना नावं दिली गेली ती याच कवितेतल्या शब्दांची. त्यातल्या एकीचं नाव यामाझाकुरा. विशी-बाविशीतली पोरं होती ती. हे वाचल्यापासून तो शब्द उच्चारताना मी क्षणभर थांबते.

घरी परतल्यावर आजींनी फुलांचं विचारलंच नाही. म्हणाल्या, "पालवी कुठल्या रंगाची होती?" मी फोनमधले फोटो एकेक करून दाखवत गेले: एक तांबूस, एक हिरवट, एक पिवळसर.