बुटातली ज्वारी

१९६५ साली मी पाचवीत होतो. त्या वर्षी पाकिस्तानशी युद्ध झालं आणि शास्त्रीजींनी सोमवारची संध्याकाळची चूल बंद ठेवायला सांगितली. मंगळवारी प्रार्थना झाली की गुरुजी विचारायचे, "काल रात्री कोण जेवलं नाही?" सगळ्यांचे हात वर, माझाही. खरं तर आजीच्या मागे लागून मी गूळ-शेंगदाणे हाणलेले असायचे. पण ते काही जेवण नव्हे!

हा पराक्रम घरी सांगितला आणि फसलो. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, नगरपालिकेच्या आगीच्या बंबावर होते. नागपूरच्या महाल भागात आमचं घर 'बंबवाल्याचं' म्हणूनच ओळखलं जायचं. १४ एप्रिलला सगळं नागपूर जयंतीच्या गर्दीत असायचं, तेव्हा ते सकाळी थोडा वेळ गप्प बसत. १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला आणि बंबावरचे ६६ जण गेले.

महायुद्धातला 'कंट्रोल', म्हणजे रेशनिंग, आजीच्या तोंडून कितीदा ऐकला असेल! १९४२ मध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला आणि महागाईनं डोकं वर काढलं. कंट्रोलच्या दुकानापुढे पहाटेपासून पिशव्यांची रांग. ज्वारीत खडे इतके, की आजी म्हणायची, "निवडून झाल्यावर सुपात ज्वारी कमी अन् खडेच जास्त."

त्याच दिवसांत इतवारीतलं एक धान्याचं गोदाम पेटलं. रात्रभर पाणी मारून आबाजींचे बूट चिखलानं भरले होते, आणि त्या चिखलात ज्वारीही होती, भिजून फुगलेली. घरी निघण्याआधी त्यांनी गोदामाच्या दारातच, मुनीमजीसमोर, दोन्ही बूट उलटे करून झाडले. पँटच्या दुमडीतले दाणेसुद्धा नखानं काढून टाकले. मुनीमजी म्हणाला, "अहो, राहू द्या, मूठभर तर आहे." घरी आजी चिडली ती वेगळीच. धुऊन, वाळवून त्याची एक भाकर झाली असती, हे तिचं म्हणणं मला आजही अगदीच चूक वाटत नाही.

तर आबाजींनी मला विचारलं, "काहून बे, शेंगदाणे पोटात नाही जात का?"

पुढच्या मंगळवारी मी हात वर केला नाही. अख्ख्या वर्गात एकटाच.

"काय खाल्लंस?"

"शेंगदाणे, गुरुजी."

"किती?"

"दोन मुठी. अन् गूळ."

वर्ग फुटला. गुरुजीही तोंड फिरवून हसले. आमच्या बॅचमध्ये माझं खरं नाव आता कोणाला आठवतं की नाही, देव जाणे. साठ वर्षं झाली, अजून मी 'शेंगदाण्या'च आहे.