केंद्रातून आणल्यावर ठेवायचं कुठं?

आमच्या भावजींना पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आणलं, तेव्हा प्रत्येक नातेवाईक एकच सांगत होता, "आता मन घट्ट ठेव." मन घट्टच होतं त्यांचं. पण सोलापुरात अशोक चौकाजवळ आमच्या बोळाच्या तोंडाशी पानटपरी दिसली आणि त्यांना दरदरून घाम फुटला. तिच्यामागेच गांजाची पुडी मिळायची, गोळ्याही.

गोळ्यांची सुरुवात पॉवरलूमच्या रात्रपाळीतून झाली. १२ तास मागाची खडखड, नाकातोंडात सुताचा भुगा. सकाळी घरी यावं तर पत्र्याची खोली आणि सोलापूरचा उन्हाळा, पारा ४० च्या वर. झोप लागणार कशी? सोबतच्या कुणीतरी झोपेची गोळी दिली. पुढे ती सुटेना.

केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी सांगितलेली हकीकत माझ्या मनातून जात नाही. १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी अभ्यास केला. तिथं असताना पाचातला जवळपास एक जण हेरॉईनच्या आहारी गेला होता. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनींपैकी साधारण ५ टक्केच पुन्हा अडकले. युद्ध मागे राहिलं, माल पुरवणारे मागे राहिले, सोबतीही पांगले. आपण नेमकं उलट करतो. माणूस दुसऱ्या जागी जाऊन सावरतो आणि जिथं व्यसन जडलं तिथंच आपण त्याला आणून सोडतो. ती जागा, तो वास, ती वेळ समोर आली की तलफ उसळते. त्याला नुसता नादानपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आम्ही भावजींना सोलापूरजवळच्या कुंभारीला, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत माझ्या आत्याकडे ठेवलं. सिमकार्ड बदललं. युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात दिवसपाळी मिळाली. पगार कमी, पण रात्री झोप लागते. आत्या विड्या वळते, घरात तंबाखूचा वास असतो, ते काही चांगलं नाही. तरी संध्याकाळी कुणीतरी जेवायला वाट बघत असतं. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेलाही ते पोरांना घेऊन दिवसाच जाऊन आले.

सासूबाईंना वाटतं, मी त्यांच्या लेकाला घराबाहेर काढलं. त्यांचं दुःख मला कळतं, पण निर्णय मी बदलणार नाही.

सगळ्यांना घर बदलणं परवडत नाही. त्यांनी निदान पाळी तरी बदलून मागावी. आणि कारखानदारांना हात जोडून विनंती: केंद्रातून आलेल्या कामगाराला पहिलं वर्षभर तरी रात्रपाळी देऊ नका.