मालकाचा देव आणि गिऱ्हाइकांची रांग

क्लायंटचा प्रश्न एका ओळीचा होता: आम्ही रविवारी दुकान बंद ठेवलं तर लोक काय म्हणतील?

मी अटलांटात मार्केट रिसर्च करते. आठ-दहा अनोळखी माणसं एका टेबलाभोवती बसवायची, त्यांना दोन तास बोलतं करायचं आणि त्या गप्पांतून कंपनीच्या उपयोगाचं ते वेचून द्यायचं. फोकस ग्रुप म्हणतात याला. साबण, विमा, कुत्र्यांचं खाणं, सगळं करून झालं होतं. देवावर ग्रुप घ्यायची वेळ कधी आली नव्हती. हा क्लायंट म्हणजे शेजारच्या राज्यातली चिकन सँडविचची छोटी चेन. मालक सत्तरीला टेकलेले, नेमाने चर्चला जाणारे, बोलायला मऊ. अटलांटात पहिलं दुकान टाकायचं घाटत होतं. आपली श्रद्धा दुकानात दिसावी अशी त्यांची मनापासून इच्छा, आणि मार्केटिंग सांभाळणाऱ्या बाईंना नेमकी त्याचीच धास्ती.

अटलांटात असलं काही विचारायचं म्हणजे चिक-फिल-एबद्दलच विचारायचं. चिकन सँडविचची ती इथली घरची चेन. १९४६ मध्ये ट्रुएट कॅथी आणि त्यांचा भाऊ बेन यांनी अटलांटाला लागून असलेल्या हेपव्हिलमध्ये ड्वार्फ ग्रिल नावाचं चिमुकलं हॉटेल काढलं. चोवीस तास उघडं, आठवड्याचे सहा दिवस. रविवारी विश्रांती आणि चर्च. ट्रुएट पक्के बाप्टिस्ट, पुढे पन्नासेक वर्षं चर्चमध्ये तेरा वर्षांच्या मुलांचा रविवारचा वर्ग घेणारे. १९६७ मध्ये ग्रीनब्रायर मॉलमध्ये चिक-फिल-ए या नावाचं पहिलं दुकान निघालं. आता दुकानं तीन हजारांवर गेली आहेत, पण रविवारचं कुलूप कायम आहे. अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियममधलं दुकानसुद्धा रविवारी बंद असतं, आणि तिथे खेळणाऱ्या फाल्कन्स या फुटबॉल संघाचे बहुतेक सामने असतात रविवारीच! १९८२ मध्ये कंपनीने आपलं उद्दिष्ट लिहून काढलं, त्याची सुरुवातच देवाच्या गौरवाने होते.

इतकं उघड देवाचं नाव घेणारी ही कंपनी अमेरिकन कस्टमर सॅटिस्फॅक्शन इंडेक्स या गिऱ्हाइकांचं समाधान मोजणाऱ्या पाहणीच्या फास्ट फूडच्या यादीत २०१५ पासून वर्षानुवर्षं पहिली येत राहिली आहे. आमच्या क्लायंटच्या मालकांना वाटत होतं की या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असणारच. बाईंचं म्हणणं, काही संबंध नाही, देव बाजूला ठेवला असता तर आणखी खपलं असतं. दोघांनाही माझ्याकडून निकाल हवा होता.

ग्रुप संध्याकाळी सहाचा. आमच्या खोलीची एक भिंत आरशाची असते, पलीकडे अंधारात क्लायंट बसतात आणि चॉकलेटच्या गोळ्या खात आमच्याकडे बघतात. आरशामागे माणसं आहेत हे आम्ही आधीच सांगतो. पाच मिनिटांत सगळे ते विसरतात. बोलणं सुरू होण्याआधी मी प्रत्येकाकडून एक कागद भरून घेते: गेल्या महिन्यात बाहेर चिकन कुठे कुठे खाल्लंत? आधी लिहून घ्यायचं, कारण एकदा एखादा मोठ्या आवाजाचा माणूस सुटला की बाकीचे त्याच्या मागे वाहत जातात.

पहिला अर्धा तास सरळ गेला. चिक-फिल-एमध्ये काय आवडतं, असं विचारलं तर देवाचं नाव कुणीही काढलं नाही. ड्राइव्ह-थ्रूची रांग लांब दिसते पण सरकते. हातात टॅबलेट घेतलेली पोरं गाड्यांजवळ येऊन ऑर्डर घेतात. पिशवीत मागितलं तेच निघतं. आणि पोरं नीट बोलतात. एक आजी म्हणाल्या, “माझा नातू घरी माझ्याशी असं बोलत नाही.” मी नोंद घेत होते आणि मनात म्हणत होते, याला धंद्याचं साधं कारण आहे. तिथलं दुकान चालवायला घेणाऱ्याला दहा हजार डॉलर भरावे लागतात, बाकी जागा, इमारत, यंत्रं कंपनीची. इतक्या स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर अर्जांचा पूर येतो, त्यातून कंपनी मोजकी माणसं निवडते. आणि बहुतेकांना एकच दुकान मिळतं, त्यामुळे तो माणूस स्वतः तिथे उभा असतो. असं दुकान नीट चालायला धर्म लागतोच असं नाही. पण निवड करताना कंपनी काय बघते, यात धर्म कुठे संपतो आणि धंदा कुठे सुरू होतो, हे मलाही सांगता येणार नाही.

मग रविवारचा विषय काढला. शाळेत शिकवणाऱ्या एका बाई म्हणाल्या, “आठवण नेमकी रविवारीच येते!” सगळे हसले. हा विनोद इथे प्रत्येक जण मारतो. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने पूर्वी तिथे काउंटरवर काम केलं होतं. ती म्हणाली, “मी देवबिव काही मानत नाही. पण हॉटेलच्या कामात आठवड्याची एक ठरलेली सुट्टी! बाकी ठिकाणी आदल्या रात्रीपर्यंत कळायचं नाही. रविवारी मी कपडे धुवायचे आणि झोपायचे.” त्यावर आजी म्हणाल्या, की दुकान बंद असतं हे अगदी योग्य आहे, देवाचा दिवस आहे. “चर्च सुटलं की आम्ही सगळे रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या हॉटेलात जेवायला जातो.” बोलून झाल्यावर त्या जरा थांबल्या. “म्हणजे तिथली पोरं राबत असतातच,” असं स्वतःशीच पुटपुटल्या आणि पुढे बराच वेळ गप्प राहिल्या.

टेबलाशी एक तेलुगू बाई होत्या, फार्मासिस्ट. त्यांचं कारण आपल्या लोकांना लगेच कळेल. “नेहमीच्या मेन्यूत बीफच नाही, म्हणून आम्ही जातो.” सकाळच्या न्याहारीत बेकन आणि पोर्क सॉसेज असतं, तेही त्यांना पाठ होतं. आमच्या मराठी मंडळाच्या सहलीलाही नेमका हाच हिशेब चालतो. २००१ मध्ये मॅकडॉनल्ड्सच्या अमेरिकेतल्या फ्राइजमध्ये गोमांसापासून काढलेला स्वाद असतो हे उघड झालं, तेव्हा तिकडे ठाण्यात त्यांच्या दुकानाची तोडफोड झाली. भारतातल्या फ्राइजमध्ये तसलं काही नाही असं कंपनी सांगत होती. इकडे खटले झाले, पुढच्या वर्षी एक कोटी डॉलरवर तडजोड झाली. बाईंना ते सगळं आठवत होतं. “मालक कुठल्या देवाला भजतो याच्याशी मला काय करायचंय? माझ्या देवाला काय चालत नाही, तेवढं त्यांच्या किचनमध्ये नसलं म्हणजे झालं.” आरशामागे हे ऐकून मालक काय म्हणाले असतील, कोण जाणे.

मग मी विचारलं, “तिथे कधीच जात नाही, असं कुणी आहे?”

दोन हात वर झाले. टेबलाच्या दोन टोकांना.

पहिला पन्नाशीचा, इंटिरियरची कामं करणारा. त्याला नवरा आहे, हे त्याने ओळख करून देतानाच सांगितलं होतं. २०१२ पासून तो तिथे गेला नव्हता. त्या उन्हाळ्यात ट्रुएट यांचे चिरंजीव डॅन कॅथी यांनी समलिंगी विवाहाविरुद्धची आपली भूमिका जाहीरपणे मांडली, आणि कॅथी कुटुंबाच्या फाउंडेशनचे पैसे त्या विवाहांना विरोध करणाऱ्या संस्थांकडे गेल्याचंही गाजलं. बॉस्टनचे महापौर थॉमस मेनिनो यांनी आमच्या शहरात तुमचं दुकान नको म्हणून सुनावलं. उलट बाजूने आर्कन्सासचे माजी गव्हर्नर माइक हकबी यांच्या हाकेवरून १ ऑगस्टला लोकांनी देशभर दुकानांपुढे रांगा लावल्या, आणि दोनच दिवसांनी समलिंगी जोडप्यांनी तिथेच चुंबनं घेऊन निषेध केला. हा माणूस म्हणाला, “त्या १ ऑगस्टला मी कामावरून घरी येत होतो. रांग रस्त्यावर आली होती. रांगेत माझे शेजारी होते.” सँडविचबद्दल विचारलं तर म्हणाला, “लोणी लावून भाजलेला बन, काकडीच्या लोणच्याच्या दोन चकत्या, शेंगदाण्याच्या तेलात तळलेलं चिकन. उत्तम असतं. म्हणून तर राग येतो.” आदल्या आठवड्यात खाल्ल्यासारखं सांगत होता.

दुसरा साठीचा, निवृत्त, चर्चच्या कमिटीवर असलेला. १ ऑगस्टच्या त्या रांगेत तो होता, बायको-मुलांसकट. तोही आता तिथे जात नव्हता. का? तर नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीच्या फाउंडेशनने शिक्षण, बेघर आणि भूक या तीन विषयांवरच देणग्या देणार असं जाहीर केलं, आणि साल्व्हेशन आर्मी आणि फेलोशिप ऑफ ख्रिश्चन ॲथलीट्स या ख्रिश्चन संस्थांना यापुढे पैसे मिळणार नाहीत, असं झालं. “आम्ही त्यांच्यासाठी उन्हात उभे राहिलो, आणि ते दबावाला वाकले,” तो म्हणाला. आवाजात दुखावलेपण होतं. सँडविचचं नाव त्याने अजिबात काढलं नाही.

एकाच दुकानाकडे पाठ फिरवलेली ही दोन माणसं, बरोबर उलट्या कारणांनी. पहिल्याने दुसऱ्याला विचारलं, “तुम्ही कुठल्या दुकानापुढे उभे होतात?” त्याने रस्त्याचं नाव सांगितलं. तो तोच रस्ता नव्हता. खोलीतला ताण किंचित उतरला, का ते मला नीट सांगता येणार नाही. मी मध्ये बोलणार होते, बोलले नाही. या कामात गप्प बसायचे पैसे मिळतात. शेवटी निवृत्त गृहस्थ म्हणाले, “तुमच्याबद्दल वैयक्तिक काही नव्हतं.” त्यावर पहिला म्हणाला, “ते वैयक्तिकच होतं,” आणि पाण्याचा ग्लास उचलला. कुणीही आवाज चढवला नाही.

डॅन कॅथींनी स्वतःच पुढे २०१४ मध्ये, कंपनीला त्या वादात ओढणं ही चूक झाली असं सांगितलं होतं. ते मी टेबलावर मांडलं. दोघांपैकी कुणावरही परिणाम झाला नाही. एकाला ते उशिरा वाटलं, दुसऱ्याला पडखाऊ.

वातावरण हलकं करायला मी कागदी कप काढले. इन-एन-आउट ही कॅलिफोर्नियाची बर्गर चेन, तिच्याही मालकांनी श्रद्धा जपली आहे, पण कपच्या तळाला. आतल्या कडेला बारीक अक्षरात ‘जॉन ३:१६’ एवढंच छापलेलं असतं, बायबलमधल्या एका वचनाचा पत्ता. कप मी टेबलावर फिरवला. एक ट्रक ड्रायव्हर बरीच वर्षं लॉस एंजेलिसला राहिलेला. त्याने तो उलटा केला, डोळ्यांजवळ नेला, अंगठ्याने अक्षरं चाचपून बघितली. “शेकडो कप प्यायलो असेन,” तो म्हणाला, “कुणी सांगितलं नाही.” आजींना ते फार आवडलं. इंटिरियरवाल्याने खांदे उडवले. एवढ्याने त्याचं काही अडत नव्हतं.

तो कप हातोहात फिरत असताना मला आपल्याकडच्या उडुपी हॉटेलातला गल्ला आठवत होता. मालकाच्या डोक्यावर बालाजीचा फोटो, ताजा हार, उदबत्ती. मालकाचा धर्म याहून उघड काय असणार? पण मसाला डोसा खाणारा माणूस त्यावर मत देत नाही. फोटोतला देव गिऱ्हाइकाच्या घरात डोकावत नाही तोवर कुणाची हरकत नसते. इथेही माणसं दुकानाची दोन खाती ठेवतात असं मला त्या संध्याकाळी दिसलं. काउंटरवरच्या पोरांचं एक आणि मालकाचं दुसरं. पहिल्यात सगळं जमाच जमा. दुसरं बहुतेक जण उघडतच नाहीत, पण ज्याने एकदा उघडलं तो पुन्हा बंद करत नाही.

कागद मी ग्रुप संपल्यावर वाचले. तिथली कंपनी पटत नाही असं तावातावाने बोललेल्या एका तरुण आईने चिकन खाल्ल्याच्या जागांत तेच नाव दोनदा लिहिलं होतं आणि पुढे कंसात: मुलाच्या टीमबरोबर, मी फक्त लेमोनेड. मार्केटिंगच्या बाई हसल्या, “म्हणजे ढोंगच.” मला तसं वाटत नाही. दहा वर्षांच्या मुलाला टीमच्या व्हॅनमधून एकट्यालाच उतरवून घ्यायचं का, असा तो प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तिने लेमोनेडने दिलं होतं.

आरशामागे मालक शांत बसून होते. बाईंनी विचारलं, किती टक्के लोक धर्मामुळे येणार नाहीत? मी सांगितलं की नऊ माणसांवरून टक्के काढायचे नसतात, त्यासाठी हजाराचा सर्व्हे घ्या, वेगळं बिल पाठवते. मग मालकांनी त्यांचा मूळ प्रश्न पुन्हा विचारला. मी म्हटलं, “सुट्टीवर इथे कुणीच चिडलं नाही. पैसे कुठे जातात आणि मालक कुणाच्या लग्नाबद्दल काय बोलतो, यावर चिडले. आणि एकदा बाजू घेतलीत तर ती सोडलेलीही खपत नाही.” त्यांनी ते शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

रिपोर्ट गेला. काही आठवड्यांनी त्यांचं पत्र आलं: अटलांटाचं दुकान रविवारी दुपारी एकपासून उघडणार, म्हणजे कामावरच्या ज्यांना चर्चला जायचंय त्यांना जाता येईल. हे पोस्टरवर टाकायचं का, असं बाईंनी विचारलं होतं म्हणे. नको, असं मालक म्हणाले. बिलही त्याच आठवड्यात चुकतं झालं, हे आमच्या धंद्यात सहसा होत नाही.